जपानी होस्ट कुटुंबासोबत फिरताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न (ओकायामा आणि आसपास)

पुण्याहून ओकायामाला एक्स्चेंजवर जाणाऱ्या मुलांचे आणि त्यांच्या आईवडिलांचे प्रश्न फिरून फिरून तेच असतात. ते इथे एकत्र केले आहेत. बहुतेक उत्तरं शाळेच्या आणि कॉलेजच्या मुलांना सारखीच लागू पडतात. जिथे फरक आहे तिथे तसं लिहिलंय. जपानात दुसरीकडे राहणार असाल तर ठिकाणांची नावं बदला, बाकीचं चालेल.

१. होस्ट कुटुंब दर शनिवार-रविवारी फिरायला नेतं का?

नाही. त्यांचं घर आहे, टूर कंपनी नाही. धाकट्याची बेसबॉलची मॅच असेल तर रविवारी सगळं घर मॅचला जातं आणि तुम्हीही जाता. महिन्यातून एखादी मोठी सहल झाली तर भरपूर झालं म्हणायचं. पण आजीच्या गावी शेतावर जाणं, वाटेत 'मिची-नो-एकी'ला थांबून भाजी घेणं हेही फिरणंच आहे, आणि माझं मत विचाराल तर बघायला त्यातच जास्त मिळतं. मिची-नो-एकी म्हणजे हमरस्त्यालगतचा थांबा. तिथे आसपासच्या शेतकऱ्यांचा माल असतो. वांग्याच्या पिशवीवर किमतीसोबत पिकवणाऱ्याचं नाव छापलेलं असतं, आणि आजी नाव वाचून ठरवते की कोणाची वांगी घ्यायची.

२. सगळे क्योतोला जातात. ओकायामात बघण्यासारखं आहे तरी काय?

पुष्कळ आहे. शहरातच कोराकुएन बाग (प्र. ३) आणि नदीपलीकडे ओकायामाचा काळा किल्ला. रंगामुळे या किल्ल्याला कावळ्याचा किल्ला म्हणतात; शेजारच्या हिमेजीचा किल्ला पांढराशुभ्र, बगळ्याचा. फरक एवढाच की हिमेजीचा मुख्य बुरूज १६०९चा, अस्सल लाकडी आहे; ओकायामाचा २९ जून १९४५च्या हवाई हल्ल्यात जळाला आणि १९६६मध्ये काँक्रीटमध्ये पुन्हा उभा राहिला. आत लिफ्ट आहे, त्यामुळे होस्ट आजोबा खुशाल सोबत येतात.

लोकलनं पंधरा-वीस मिनिटांवर कुराशिकी आहे. कालव्याकाठची पांढऱ्या भिंतींची जुनी कोठारं आणि १९३०मध्ये उघडलेलं ओहारा कलासंग्रहालय. एल ग्रेकोचं चित्र बघायला कोणी जपानात जात नाही, पण ते तिथे आहे. दुपारी गर्दी असते. होस्ट कुटुंबाला संध्याकाळची वेळ सुचवा, दिवे लागल्यावर कालवा वेगळाच दिसतो.

गावाबाहेर किबित्सु देऊळ आहे. टेकडीच्या उताराबरोबर खाली जाणारा त्याचा लाकडी छपराचा मार्ग साडेतीनशे मीटरहून लांब आहे. तिथेच तांदूळ शिजवण्याच्या भांड्याच्या आवाजावरून कौल घेतात. घुमला तर शुभ. कौल लावणं म्हणजे काय ते आपल्याला समजावून सांगावं लागत नाही. पीचमधून जन्मलेल्या मोमोतारोची गोष्टही याच परिसराशी जोडलेली आहे. होस्ट घरातलं लहान पोर ती तुम्हाला सांगेलच, ऐकून घ्या.

३. सिंहगड रोडवरचं पु. ल. देशपांडे उद्यान बघितलंय. मग कोराकुएनमध्ये नवीन काय?

पुण्याचं ते पुणे-ओकायामा मैत्री उद्यान कोराकुएनवरूनच बेतलंय, हे खरं. म्हणून तर तुम्ही पहिल्या रविवारी कोराकुएनला जाल तेव्हा होस्ट बाबांना सांगायला तुमच्याकडे काहीतरी असेल. फोनमध्ये पुण्यातले चार फोटो आधीच ठेवा. कोणत्याही भेटवस्तूपेक्षा त्यांवर जास्त वेळ गप्पा होतात.

पण मूळ बाग वेगळी आहेच. सरदार इकेदा त्सुनामासाच्या हुकुमावरून १६८७मध्ये काम सुरू झालं आणि १७००मध्ये संपलं. जपानी बागेत सहसा न दिसणारी मोठमोठी हिरवळ इथे आहे, चहाचा मळा आहे, भाताची छोटी खाचरं आहेत. किल्ला बागेबाहेर, नदीपलीकडे असूनही बागेचाच भाग वाटावा अशी रचना आहे. र्‍युतेन नावाच्या विश्रांतीगृहाच्या तळमजल्यातून मधोमध पाण्याचा पाट वाहतो आणि पाटात सहा रंगीत दगड मांडलेत. उन्हाळ्यात पायऱ्यांवर बसून पाय हलवत राहावंसं वाटतं. पाण्यात मात्र पाय सोडू नका. पुण्याच्या बागेत हिरवळीवर बसल्यावर शिट्टी वाजते. इथे शिट्टी वाजत नाही, पण पाटी वाचायची असते.

४. होस्ट आई विचारते, 'कुठे जायचंय?' काय उत्तर देऊ?

'कुठेही चालेल' हे सोडून काहीही. आपल्याकडे ते विनयाचं वाटतं. तिकडे सगळा विचार होस्ट आईवर पडतो आणि ती रात्री उशिरापर्यंत वेबसाइटी बघत बसते. एक ठिकाण आणि एक गोष्ट सांगा: 'हिमेजीचा किल्ला बघायचाय, आणि तुम्ही लहानपणी जिथे जायचात तिथेही नेलंत तर आवडेल.' दुसरा भाग विसरू नका. यादीतली ठिकाणं कधीही बघता येतात. आजोबांची शाळा किंवा आईचं आवडतं उदोनचं (जाड शेवयांचं) दुकान ओळखीचा माणूस असल्याशिवाय दिसत नाही.

सुचवलेली जागा नको असेल तर लवकर सांगा. आदल्या रात्रीपर्यंत डबा, पेट्रोल, पार्किंग सगळं ठरलेलं असतं.

५. खर्च कोण करतं?

आधी तुमच्या कार्यक्रमाची नियमपुस्तिका बघा, प्रत्येकाचे नियम वेगळे. सर्वसाधारणपणे कुटुंबासोबतच्या सहलीत गाडी, टोल आणि बरेचदा तिकिटंही ते बघतात. तुमची खरेदी, मित्रांबरोबरचा प्रवास, फोन हे तुमचं. टोल स्वस्त नसतो, हे लक्षात असू द्या. काउंटरवर 'मी देतो, मी देतो' करून हात ओढू नका, पुणेरी हॉटेलातला तो प्रयोग तिथे अवघडल्यासारखा होतो. त्याऐवजी पुढच्या थांब्यावर सगळ्यांसाठी सॉफ्ट क्रीम आणा. तेवढं चालतं आणि लक्षातही राहतं.

६. सकाळी दहाला निघायचं म्हणजे किती वाजता तयार राहायचं?

नऊ पंचावन्नला, बूट घालून, दारात.

७. जपान रेल पास काढू का? इथूनच घ्यावा लागतो म्हणे.

तुम्ही विद्यार्थी व्हिसावर असाल तर तो तुम्हाला मिळतच नाही. परदेशी पासपोर्टवाल्यांसाठी पासपोर्टवर 'टेम्पररी व्हिजिटर'चा शिक्का लागतो. पश्चिम जपानच्या जेआर (जपान रेल्वे) कंपनीच्या पर्यटक पासांनाही हीच अट. हा प्रश्न सगळ्यात जास्त पालक विचारतात, कारण घरी ओळखीचा कोणीतरी पास घेऊन फिरून आलेला असतो. तो पर्यटक होता, तुमचं पोर तिथलं रहिवासी आहे.

अपवाद: दोन-चार आठवड्यांच्या कार्यक्रमासाठी अल्पमुदतीच्या व्हिसावर जाणाऱ्यांना पास मिळू शकतो. पण होस्ट कुटुंबाबरोबर गाडीनं फिरणार असाल तर तो वसूल होत नाही.

८. मग विद्यार्थ्याला काहीच सवलत नाही?

आहे. शाळा-कॉलेजच्या ऑफिसात 'गाकुवारी'चं प्रमाणपत्र विचारा. जेआरनं एका बाजूला १०० किलोमीटरहून जास्त प्रवास असेल तर मूळ भाड्यावर २० टक्के सूट मिळते. शिनकानसेनच्या (बुलेट ट्रेनच्या) जादा आकारावर नाही. हिरोशिमा आणि क्योतो यात बसतात. हिमेजी बसत नाही, ते १०० किलोमीटरच्या आत आहे. काही संस्था एक्स्चेंजच्या मुलांना हे प्रमाणपत्र देत नाहीत, म्हणून तिकीट काढण्याआधी विचारा.

सुट्ट्यांच्या मोसमात 'सेइशुन १८' तिकीट निघतं. नावात १८ असलं तरी वयाची अट नाही. फक्त साध्या गाड्या चालतात. नेटवर जुनी माहिती खूप फिरते की एकाच तिकिटावर पाचजण जाऊ शकतात. २०२४च्या हिवाळ्यापासून ते बंद झालं. आता तिकीट एकाच माणसाचं, आणि सलग ३ किंवा ५ दिवसांचं असतं.

शहरातली ट्राम आणि लोकलसाठी इकोका कार्ड पुरतं. खिशात थोडी रोकड ठेवाच. छोट्या देवळात आणि जुन्या खानावळीत कार्ड चालेलच असं नाही.

९. मी शाकाहारी आहे. फिरताना उपाशी राहावं लागेल का?

उपाशी नाही राहणार, पण कंटाळाल. आणि खरी अडचण मांसाची नसून दाशीची आहे. दाशी म्हणजे बहुतेकदा सुकवलेल्या बोनितो माशाचा अर्क. तो मिसो सूपमध्ये असतो, उदोन-सोबाच्या रश्शात असतो, नुसत्या पालकाच्या भाजीवरही असतो. शिवाय 'मी मांस खात नाही' एवढंच सांगितलंत तर होस्ट आई मोठ्या प्रेमानं मासा भाजून वाढेल, कारण मासा मांसात धरत नाहीत.

म्हणून पुण्यात असतानाच ठरवा: मांस, मासे, दाशी, अंडं. या चारांपैकी काय चालतं आणि काय नाही ते एका कागदावर जपानीत लिहून पहिल्याच आठवड्यात द्या. तो कागद फ्रिजवर जातो आणि फिरायला निघताना त्याचा फोटो सगळ्यांच्या फोनमध्ये असतो. दाशी चालवून घ्यायची की नाही हा तुमचा प्रश्न, अनेकजण घेतात. पण एकदा खायचं, एकदा नाही, असं करू नका. तुम्हाला वाटतं आपण जमवून घेतोय, आणि स्वयंपाक करणाऱ्या बाईला काहीच कळेनासं होतं.

बाहेर काय मिळतं? उमेबोशीचा, म्हणजे खारवलेल्या आंबट फळाचा, ओनिगिरी (भाताचा गोळा) बहुतेक वेळा चालतो. पाकिटामागची यादी फोननं वाचून घ्या. इनारी-झुशी (टोफूच्या पिशवीत भरलेला भात) शाकाहारी दिसते, पण तिचं टोफूचं आवरण दाशीत शिजवलेलं असू शकतं. क्योतोत नान्झेन-जी मंदिराच्या भागात युदोफु (गरम पाण्यातला टोफू) प्रसिद्ध आहे. टोफू चालतो, सोबतचा सॉस विचारूनच घ्या. बौद्ध मठांची शोजिन र्‍योरी (शाकाहारी जेवण) मात्र निर्धास्त जेवा, तिथला अर्क समुद्री शेवाळाचा आणि मशरूमचा असतो. महाग असते, आणि वाटीत दोनच घास असतात. ओकायामाचे साधे किबि दांगो (चिकट तांदळाच्या गोड गोळ्या) बेलाशक खा.

कांदा-लसूणही वर्ज्य असेल तर बाहेरच्या जेवणावर भिस्त नको. सकाळी स्वतः डबा करा. होस्ट आईला आवडेलही. मेथीचे ठेपले गाडीत पहिले संपतात.

१०. देवळात नमस्कार कसा करायचा?

आधी बघायचं की समोर काय आहे. दारात तोरी कमान असेल तर ते शिंतो देवस्थान: दोनदा वाकून नमस्कार, दोन टाळ्या, मनातलं मागणं, पुन्हा एकदा वाकणं. बौद्ध मंदिरात टाळ्या वाजवायच्या नाहीत, शांतपणे हात जोडायचे. कुठल्या देवळात आहोत ते कळलं नाही तर आजीच्या मागे उभे राहा आणि ती करेल ते करा.

हात धुण्याच्या टाकीवर आधी डावा हात, मग उजवा. तोंडात पाणी ओंजळीतून घ्यायचं, पळी तोंडाला लावायची नाही. दानपेटीत ५ येनचं नाणं शुभ मानतात. दोरी लोंबत असलेली छोटी घंटा वाजवा. मंदिराची मोठी कांस्याची घंटा आपल्याकडच्यासारखी जाता जाता वाजवू नका.

अपवाद एकच सांगतो: इझुमो ताइशा या शिंतो देवस्थानात दोनऐवजी चार टाळ्या. ओकायामाहून याकुमो गाडी थेट इझुमोला जाते, त्यामुळे तिकडे जाण्याचा योग येऊ शकतो.

११. आपले देव तिकडे भेटतात हे खरं का?

खरं आहे. वीणेऐवजी बिवा वाजवणारी बेन्झाइतेन म्हणजे सरस्वती. तांदळाच्या पोत्यांवर हसत उभा असलेला दाइकोकु मुळात महाकाल. कान्गितेन म्हणजे गणपती, पण त्याची मूर्ती बहुतेक ठिकाणी बंद दाराआड असते. 'दाखवा ना' म्हणून हट्ट धरू नका.

नारा शहरातल्या तोदाइ-जी मंदिरात साधारण १५ मीटर उंच बुद्ध आहे. त्याचा नेत्रोन्मीलनाचा विधी ७५२मध्ये बोधिसेन नावाच्या भारतीय भिक्षूनं केला. मूर्तीसमोर उभं राहून हे होस्ट बाबांना दोन वाक्यांत सांगा. दोनच. तासभर भारतमाहात्म्य सांगणारा पाहुणा कोणालाच नको असतो.

१२. नाराच्या हरणांना काय खाऊ घालायचं? मियाजिमालाही हरणं आहेत ना?

नारामध्ये तिथे विकत मिळणारे 'शिका सेनबेइ' बिस्किटंच, बाकी काही नाही. हरणं मान झुकवतात, मग तुम्हीही झुकवता, आणि तोवर मागच्यानं तुमच्या खिशातला नकाशा खाल्लेला असतो. बिस्किटं संपली की रिकामे तळवे दाखवा. हिरोशिमाजवळच्या मियाजिमाच्या हरणांना मात्र काहीच द्यायचं नाही. त्या बेटावर जाताना ऑक्टोबर २०२३पासून १०० येन कर लागतो. समुद्रातली लाल तोरी ओहोटीला पायी जाऊन जवळून बघता येते, म्हणून भरती-ओहोटीच्या वेळा बघून निघा.

१३. हिरोशिमाला जायचंय, पण होस्ट कुटुंबाला कसं विचारू?

सरळ विचारा. शिनकानसेननं पाऊण तासाच्या आत आहे, आणि बहुतेक जपानी मुलं शाळेच्या सहलीत तिथे जाऊन आलेली असतात. कधीकधी कुटुंब म्हणतं, 'तू मित्रांबरोबर जा.' त्यात नाराजी असेलच असं नाही. तिथलं अणुबॉम्बचं संग्रहालय पुन्हा बघणं सगळ्यांना झेपत नाही.

संग्रहालयात आवाज नसतो. ६ ऑगस्ट १९४५च्या सकाळी ८ वाजून १५ मिनिटांनी बंद पडलेली घड्याळं, मुलांचे कपडे, जेवणाचा जळका डबा. तिथून बाहेर पडल्यावर लगेच 'आता कुठे जेवायचं' असं विचारू नका, नदीकाठी थोडं बसा. बॉम्बनंतर उभ्या राहिलेल्या घुमटाच्या पडक्या इमारतीसमोर (डोमसमोर) हसरी सेल्फी नको. नेहरू १९५७मध्ये इथे आले होते, हे तिथली वयस्क माणसं स्वतःहून सांगू शकतात. घरी आजी-आजोबा युद्धाबद्दल बोलले तर ऐका, ओकायामाही जळलं होतं (प्र. २). न बोलल्यास खोदून विचारू नका.

१४. हिमेजी आणि क्योतो एका दिवसात होईल का?

होईल, पण करू नका. हिमेजीच्या बुरुजात जिने इतके चढे आहेत की शिड्याच म्हणाव्यात. बूट काढून पिशवीत घालून ते हातात धरून चढायचं असतं. गुळगुळीत लाकडावर मोजे घसरतात. भोक नसलेले, घट्ट बसणारे मोजे घाला. बघणाऱ्यांची नजर तिकडेच जाते. त्यानंतर क्योतोत फुशिमी इनारी देवस्थानाच्या हजारो तोरींखालून डोंगर चढायचा म्हणजे दुसऱ्या दिवशी शाळा बुडाली.

१५. ओनसेनमध्ये (गरम पाण्याच्या झऱ्याच्या कुंडात) खरंच कपड्यांशिवाय जायचं?

हो. स्त्री-पुरुष वेगळे असतात. आधी स्टुलावर बसून साबणानं स्वच्छ अंघोळ, मगच कुंडात. केस बांधायचे, छोटा टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही. गोंदण असेल तर आधी होस्टना सांगा, काही ठिकाणी आत सोडत नाहीत. ताज्या मेंदीबद्दलही आधीच बोलून ठेवा. नको वाटत असेल तर 'मी बाहेर पाय बुडवून बसते' असं म्हणा, कोणी वाईट वाटून घेत नाही.

ओकायामाच्या डोंगरातलं युबाराचं उघडं कुंड मात्र वेगळं आहे, तिथे स्त्री-पुरुष एकत्र असतात. कुटुंब तिकडे निघालं असेल तर हे आधी माहीत असलेलं बरं.

१६. होस्ट बाबांनी सहलीत बिअर देऊ केली. मी १८ पूर्ण आहे.

नको म्हणा. एप्रिल २०२२पासून जपानात १८व्या वर्षी माणूस सज्ञान होतो, पण दारू आणि सिगारेटची अट २०चीच आहे. शिवाय तुमचा कार्यक्रम याच कारणावरून तुम्हाला घरी पाठवू शकतो.

१७. फोटो कुठेही काढले तर चालतात ना?

घराची पाटी, गाडीचा नंबर, शाळेच्या गणवेशातलं लहान भावंड यांपैकी काहीही विचारल्याशिवाय इन्स्टावर टाकू नका. क्योतोत गिओनच्या खासगी गल्ल्यांत पर्यटकांना २०२४पासून बंदी आहे, पाट्यांवर १०,००० येन दंड लिहिलाय. गेइकोंच्या (क्योतोच्या गेइशांच्या) मागे धावणाऱ्यांमुळेच ही वेळ आली.

१८. बाहेर पडताना पासपोर्ट जवळ ठेवायचा का?

तीन महिन्यांहून जास्त राहणार असाल तर तुमच्याकडे रहिवासी कार्ड असेल. १६ वर्षांवरच्यांनी ते कायम जवळ बाळगायचं, अगदी कोपऱ्यावरच्या दुकानात जातानासुद्धा. ते असलं की पासपोर्ट घरी राहू दे. कार्ड नसलेल्या अल्पमुदतीच्या पाहुण्यांनी पासपोर्ट न्यायचा.

१९. कोणत्या सुट्टीत काय टाळावं?

एप्रिल-मेच्या सांध्यातला गोल्डन वीक आणि ऑगस्टच्या मध्यातला ओबोन, या दिवसांत सगळा देश रस्त्यावर असतो. कुटुंब घरीच थांबलं तर त्यांना समजून घ्या. वर्षअखेरीला संग्रहालयं बंद असतात. कोराकुएन मात्र उघडं असतं, आणि १ जानेवारीला तिथले तान्चो क्रौंच मोकळे सोडतात. सोमवारी बहुतेक संग्रहालयांना सुट्टी. सोमवारी सण आला तर मंगळवारी.

वादळाचा अंदाज असला की रेल्वे आदल्या दिवशीच गाड्या बंद करण्याचं जाहीर करते. अशा वेळी 'पाऊस तर पडत नाहीये' असा वाद घालू नका.

२०. रविवारी भारतीय मित्रांबरोबर जायचंय. होस्टना वाईट वाटेल का?

वेळेवर सांगितलंत तर नाही. कुठे, कोणाबरोबर, जेवायला घरी आहात की नाही, किती वाजता परत, एवढं लिहून द्या. यातलं जेवणाचं सगळ्यात महत्त्वाचं. उशीर होणार असेल तर गाडी चुकण्याआधी मेसेज करा. शाळेच्या मुलांना बहुतेक कार्यक्रमांत गावाबाहेर एकट्यानं जायला लेखी परवानगी लागते.

२१. माझे आईबाबा भेटायला येणार आहेत. होस्टच्या घरी उतरता येईल का?

ते आपणहून म्हणाले तरी हॉटेलच घ्या. घरं लहान असतात, आणि आग्रह दोन्ही बाजूंनी सुरू झाला की कोणालाच थांबता येत नाही. स्टेशनजवळ खोली घ्या, एक दिवस सगळे मिळून कोराकुएन आणि जेवण ठरवा, जेवणाची जागा होस्ट आईला निवडू द्या आणि बिल आईबाबांनी आधीच काउंटरवर देऊन टाकावं. येताना बाकरवडी, चहा मसाला चालेल. हापूसच्या पेट्या आणू नका, ताजी फळं विमानतळावरच काढून घेतात. मोठ्या बॅगा घेऊन शिनकानसेननं जाणार असतील तर लांबी-रुंदी-उंचीची बेरीज १६० सेंटिमीटरच्या वर गेल्यास सामानाच्या जागेसह सीटचं आरक्षण आधी करावं लागतं. आणि आईबाबांच्या पासपोर्टवर पर्यटकाचा शिक्का असेल, त्यामुळे प्र. ७मधला पास त्यांना मिळतो, तुम्हाला नाही. एकत्र प्रवासात तुमचं तिकीट वेगळं काढा.